वरच्या फळीवरचं नाव

ता. ५ जानेवारी

ती. आत्यास,
बटणाचा सा. न. वि. वि.

पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोन केला की तू अर्ध्या वाक्यात मशीन सुरू करतेस आणि माझं निम्मं बोलणं शिवणीत जातं. कागद तरी तू पूर्ण वाचशील अशी आशा आहे.

माझी तब्येत छान आहे. सातवा संपत आला. पाय इतके सुजतात की सध्या मी तुझ्या जावयाच्या चपला घालून फिरते आणि तो बिचारा बूट घालून भाजी आणायला जातो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं ठीक आहे, फक्त जिने कमी चढा. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे हे त्यांना सांगायचं मी टाळलं.

आता खरं काम. मुलगा झाला तर नाव पाच मिनिटांत ठरलंय. घोडं अडलंय ते मुलीच्या नावावर. तुझ्या जावयाने काय केलं असेल? त्याच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला अक्षरांचा तक्ता असतो ना, त्याच्या जागी त्याने मुलींच्या नावांचा तक्ता टांगलाय. वर मोठ्या अक्षरात एक, मग खाली बारीक होत गेलेली दहा. गिऱ्हाईक एक डोळा झाकून नावं वाचतं आणि कुठल्या नावाला चेहरा खुलला ते हा टिपून ठेवतो. एका आजोबांनी वाचून झाल्यावर विचारलं म्हणे, की एवढ्या मुली आहेत का तुम्हाला.

सासूबाईंची तऱ्हा वेगळीच. चौतीस वर्षं शाळेत हजेरी घेतलेली बाई! कुठलंही नाव काढा, त्यांना त्या नावाची एक मुलगी आठवते. ही खडू खायची, ती चावायची, तिसरीने मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर शाई सांडली होती. एकही नाव धड उरलेलं नाही.

तेव्हा तूच सांग. पस्तीस वर्षं गावभरच्या पोरांच्या दुपट्यांवर नावं भरतेस. सध्या काय चालतंय, काय नाही? आणि हो, तुझं नाव हल्ली कोणी ठेवतं का गं? सहज विचारते.

लोभ आहेच, त्याला कात्री लावू नये.

तुझी,
बटण

ता. १४ जानेवारी

चि. सौ. बटणास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पूर्ण वाचलं, मशीन बंद ठेवून वाचलं, आता तरी खूश? पायाखाली उशी घेऊन झोपत जा. आणि जावईबापूंना सांग, चपला माणसाने दोन जोड ठेवाव्यात, विशेषतः बायको माझी भाची असेल तर.

नावांचं म्हणशील तर माझ्या तीन फळ्या आहेत, तू लहानपणी त्यांच्याखालीच बसून गृहपाठ केलायस. गिऱ्हाईक नसलं की मी चालत्या नावांची दुपटी आधीच भरून ठेवते, म्हणजे घाईत आलेल्याला तयार मिळतं. ती पुढच्या फळीवर. थंडावलेली नावं मधल्या फळीवर. आणि जी कोणी विचारतच नाही ती वरच्या फळीवर, पेन्शनीत. सध्या पुढच्या फळीवर सगळी दोन-दोन अक्षरांची नावं आहेत. म्हणेपर्यंत संपतात. दोऱ्याचं रीळ संपता संपत नाही. प्रत्येक आई येते आणि मला खाजगीत सांगते की आम्ही अगदी वेगळं, कोणाचंच नसलेलं नाव काढलंय. त्याच आठवड्यातली ती तिसरी असते. मी तोंडात टाचणी धरून मान डोलवते. टाचणीचा हा एक मोठा उपयोग.

माझं नाव वरच्या फळीवर आहे. सहज विचारते म्हणालीस, पण तुझं सहज मी ओळखते. सहज म्हणूनच तू दुकानातलं कोटाचं बटण गिळलं होतंस.

तर ऐक, म्हणजे डोक्यातून काढून टाकशील. मी जन्मले तेव्हा घरटी एक माझ्या नावाची होती. वर्गात आम्ही पाच जणी. बाईंनी हजेरीत नाव घेतलं की पाच जणी उभ्या राहायच्या आणि वर्ग हसायचा. मग बाईंनी आम्हाला उंचीप्रमाणे नंबर दिले. मी चौथी. पुढे हजेरीला फक्त चौथी म्हणायच्या, मैत्रिणीही तेच, आणि तुझ्या बाबाने ते घरी आणलं. साठी उलटली तरी तो मला चौथे म्हणूनच हाक मारतो. नावाने हाक मारणारी एक आई होती, ती गेली. आता मी कोणाची आत्या, कोणाची दुपटेवाली मावशी. तक्रार नाही, पोटभर माया मिळाली. पण नाव म्हणशील तर ते मी वापरलंच नाही गं. असलं नाव पोरीच्या गळ्यात बांधायचं नाही. खबरदार.

तशीही ती दुपटी आता गेली. चोवीस वर्षांपूर्वी एक डझन भरली होती, हाताला सवय म्हणून. तीन तेव्हाच खपली, नऊ राहिली. वरच्या फळीवरची बाकी सगळी नावं मी हळूहळू उसवून टाकली, तिथे नवी भरली. या नऊंना कात्री लावायला दोनदा घेतली आणि दोनदा ठेवून दिली. आता फळी वाकलीय, सुतार येणार, सामान काढायला हवं होतं. त्यात मंगळवारी प्रसूतिगृहातली मोठी नर्स आली. थंडीमुळे दुपटी कमी पडतात, जुनीपानी असतील तर द्या म्हणाली. नऊच्या नऊ देऊन टाकली. मुलगी असो की मुलगा, तान्ह्या पोरांना कुठे वाचता येतं! ती गेल्यावर मात्र रिकाम्या फळीकडे बघून मला भरून आलं. मग चहा केला.

जपून राहा. माया आहे तितकी आहेच, आणखी लागली तर कळव.

तुझी,
आत्या

ता. २२ फेब्रुवारी

चि. सौ. बटणास,
आशीर्वाद. आधी नीट टेकून बस आणि मग वाच.

माझं नाव परत आलंय!

थट्टा करत नाही. या महिन्याच्या सुरुवातीला बेकरीवाला आला. पहिली मुलगी झालीय, टोपीवर नाव भरून द्या म्हणाला. नाव सांगितलं आणि माझ्या तोंडातली टाचणी खाली पडली. मी दोनदा विचारलं. त्याला वाटलं मला ऐकू कमी येतं, त्याने ओरडून सांगितलं. माझं नाव, माझ्याच दुकानात, भर दुपारी! चार दिवसांनी बँकेतली एक बाई आली, नातीच्या उशीला तेच नाव. मग आणखी दोन. तीन आठवड्यांत चार जणी, बटण. चोवीस वर्षांत एक नाही आणि तीन आठवड्यांत चार!

मी विचार केला, रुंद पायांच्या विजारी परत येतात, मोठ्या काचांचे चष्मे परत येतात (विचार जावईबापूंना), मग नावाने काय घोडं मारलंय? कंटाळली असतील माणसं दोन अक्षरांना. सुताराने नवी फळी ठोकून दिलीय, पण मी माझं नाव तिच्यावर ठेवलं नाही. थेट पुढच्या फळीवर. सहा नवी दुपटी भरली. एक वेलांटी, दोन काने, हात कुठे अडखळला म्हणून नाही.

रस्त्याने मी हल्ली जरा ताठ चालते असं शेजारची शिंपीण म्हणाली. चालत असेन. तुझ्या बाबाला फोन करून सांगितलं, तर तो म्हणे, वा गं चौथे.

तू ठेवावंस असं मी मुळीच म्हणत नाहीये. फक्त गावातली बातमी कळवते. दिवस भरत आले, पिशवी भरून ठेव, मोजे दोन जोड घे.

लोभ होताच, आज चार बोटं वाढलाय.

तुझी,
आत्या

ता. ७ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर बातमी कळलीच आहे, तरी पत्राने रीतसर: एक तारखेला पहाटे मुलगी झाली. आवाज दणदणीत. नाक आमच्या घराण्याचं, म्हणजे तुझंच. डोळे उघडते तेव्हा समोरच्या माणसाची उलटतपासणी घेत असल्यासारखी बघते. तुझा जावई तिच्याकडे बघून दोनदा रडला आणि दोन्ही वेळा चष्म्यावर खापर फोडलं.

नाव मी ठरवलंय. तुझं.

ओरडू नकोस, आधी कारण वाच. तू विसरली असशील, मी विसरले नाही. मी आठ वर्षांची होते, तू बाजारात गेली होतीस, मी एकटी दुकानात. टपालवाला पार्सल घेऊन आला आणि त्याने वरचं नाव वाचलं. मी त्याला ठणकावून सांगितलं की अशी कोणी इथे राहत नाही. तो बिचारा पार्सल परत घेऊन गेला. आत्या, मला तुझं नावच माहीत नव्हतं! रोज शाळेतून येऊन तुझ्या हातचं खायचे, तुझ्या मांडीवर झोपायचे, आणि नाव माहीत नव्हतं. तू आल्यावर हसलीस खूप, सगळ्या गल्लीला सांगितलंस. पण नंतर बराच वेळ तू मशीनपुढे नुसती बसून होतीस, पाय न हलवता. ते मला दिसलं होतं. तेव्हा कळलं नाही, आता कळतं.

म्हणून मुलगी झाली तर हेच नाव, असं मी कधीचं ठरवलंय. जानेवारीतलं सहज हे असं होतं.

तुझ्या जावयाने ते तक्त्याच्या शेवटच्या, सगळ्यात बारीक ओळीत घातलंय. पन्नाशीपुढचं जे कोणी वाचतं ते म्हणतं, अरे, ही आमच्या वर्गात होती. त्याला फार आवडलंय. अडचण एकच, सासूबाई. नाव ऐकल्यावर म्हणाल्या, हे निवृत्त झालेलं नाव आहे, पोरीला शाळेत जायच्या आधी पेन्शन लागेल. आणि उठून आत गेल्या. नवल म्हणजे या नावाची कुठली चावरी मुलगी त्यांनी सांगितली नाही. नावनोंदणीच्या कार्यालयाने एकवीस तारखेची मुदत दिलीय. त्यांना दुखवून मला करायचं नाही, पण मागेही हटायचं नाही. तुझं नाव परत चालायला लागलंय हे मी त्यांना ठासून सांगितलंय, तुझं पत्रच वाचून दाखवलं.

एप्रिलमध्ये तुझा जावई डोळे तपासायचं नवीन मशीन शिकायला दोन महिने बाहेरगावी जाणार. मी बाळाला घेऊन तुझ्याकडे येतेय. पुढच्या फळीवरचं एक दुपटं राखून ठेव.

लोभाची तर आता तुझ्या नावाने नोंदच होईल.

तुझी,
बटण

ता. ११ मार्च

चि. सौ. बटणास,
आशीर्वाद, आणि माझ्या नातीला तर पोतंभर.

पार्सलची गोष्ट वाचून रडले. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून तू मला निर्दय म्हणशील. पोरीला माझं नाव ठेवू नकोस.

काल मोठी नर्स दुकानात आली होती, दुपट्यांचे आभार मानायला. बोलता बोलता हसत म्हणाली, मावशी, तुमच्या दुपट्यांनी गंमतच केली. मुलगी झाली आणि नाव ठरलेलं नसलं की आम्ही त्यातलं एक गुंडाळून देतो, आणि बाया त्यावरचंच नाव ठेवून मोकळ्या होतात! एका आजीने म्हणे हात जोडले, पोर नाव घेऊनच आली म्हणून. एकीला वाटलं, दवाखान्यातून नाव मिळतंच, फुकट. सहा झाल्या आतापर्यंत. बेकरीवाल्याची, बँकवालीची नात, सगळ्या त्यातल्याच.

म्हणजे कसली लाट आणि कसलं काय! मीच टाकलेला माल माझ्याकडे परत आला आणि मी बावळटासारखी मिरवत बसले. शिंपिणीला सांगितलं, तुझ्या बाबाला सांगितलं, तुला चार पानं लिहिलं. आणि तू माझ्या त्या बढाईवर सासूबाईंशी भांडलीस. लाज वाटते गं.

मी तडक बेकरीत गेले. त्याला सगळं खरं सांगितलं, म्हटलं नाव बदलायचं तर बदला, टोपी मी नवी देते. तो म्हणाला, बाई, चार महिने आम्ही नावावरून भांडत होतो, दुपटं आलं आणि भांडण मिटलं, आता तुम्ही परत लावू नका. वर गरम पाव हातात ठेवला. चांगला माणूस आहे. पण त्याचं ठीक, त्याच्या घरात त्या नावाने भांडण मिटलं, तुमच्या घरात ते लागलंय.

सहा नवी दुपटी मी पुढच्या फळीवरून काढली. नाव परत आलेलं नाही, बटण. ते संपलंय, आणि संपू दे. विहीणबाई शाळेतल्या आहेत, त्यांना कळतं. पोरीला वर्गात म्हातारीचं नाव म्हणून हसतील. मला नावाशिवाय जगायची सवय आहे, तिला हसण्याची सवय कशाला लावायची? विहीणबाईंची माझ्या वतीने क्षमा माग.

एप्रिलची वाट बघते. नावाचं दुपटं नाही, पण साधी सहा धुऊन ठेवली आहेत.

लोभ राहू दे, बाकी गेलं तरी चालेल.

आत्या

ता. १७ मार्च

आदरणीय विहीणबाईंस,
स. न. वि. वि.

आपला माझा पत्रव्यवहार लग्नाच्या यादीपलीकडे कधी गेला नाही. आज न लिहून राहवत नाही. आपलं सूनबाईंना आलेलं पत्र तिने मला वाचायला दिलं. माफी आपण मागायची नाही, मी मागायची आहे.

मी चौतीस वर्षं हजेरी घेतली. एका नावाच्या दोघी असल्या की मी मोठी आणि छोटी म्हणायचे. तिसरी आली की नंबर. मला ते फार सोयीचं वाटे. वेळ वाचतो. आपल्या नावाच्या तर मला सुरुवातीला दर वर्षी तीन-चार असत. सूनबाईंनी ते नाव उच्चारलं तेव्हा मी निवृत्त नाव म्हणाले, पण मनातलं ते नव्हतं. गेल्या वर्षी बाजारात त्यांतलीच एक माझ्या पाया पडली. दोन मोठी मुलं बरोबर. मी चटकन ओळखलं आणि म्हणाले, अगं तिसरे, तू! ती हसली. तिच्या मुलांनी विचारलं, आई, या तुला तिसरी का म्हणतात? मला त्या क्षणी तिचं नाव घ्यायचं होतं आणि ते जिभेवर येईना. घरी आले, जेवण गेलं नाही. आपलं ते चौथी आणि ते परत गेलेलं पार्सल सूनबाईंकडून ऐकलं आणि पुन्हा तेच झालं. तेव्हा नावावर माझा राग नव्हता, ते ऐकलं की मला माझी ती चूक दिसते, म्हणून नको होतं.

राहिला प्रश्न ते दुपट्यावरून आलं याचा. माझं स्वतःचं नाव कसं आलं सांगू? माझ्या मावशीला एका साबणाच्या वेष्टनावरची बाई आवडायची. तिच्याखाली लिहिलेलं नाव मला ठेवलं. मी त्या नावाने चौतीस वर्षं मुलांना धाकात ठेवलं, कोणाला साबण आठवला नाही. नाव कुठून का येईना, कोणी तरी नीट हाक मारावी लागते, इतकंच.

आणि हसण्याचं म्हणाल तर माझ्या नातीला हसणाऱ्याचा कान अजून माझ्या हाताच्या टप्प्यात आहे.

आज सकाळी आम्ही तिघं कार्यालयात जाऊन आलो. अर्जात नाव मी लिहिलं, वळणदार, शाईने. आपल्याला आता उसवता येणार नाही. सूनबाई पत्र लिहीतच होती, मीच म्हणाले, हे मला लिहू दे.

स्नेह कमी होता, तो आता भरून काढू या.

आपली,
विहीण

ता. ४ जून

चि. सौ. बटणास,
आशीर्वाद.

पोचल्याचा फोन मिळाला. तुम्ही जाऊन तीन दिवस झाले. खिडकीतली दोरी रिकामी आहे, लंगोटांशिवाय ती ओळखू येत नाही. तू विसरलेला खुळखुळा मशीनच्या खणात ठेवलाय. पाय मारताना तो वाजतो, वाजू दे.

एक गोष्ट तुला तोंडावर सांगायची राहिली, म्हणून लिहिते. लसीच्या दिवशी नर्सने नाव पुकारलं आणि बाकावरून चार जणी पोरी घेऊन उठल्या, पाचवी तू, आणि सहावी मी, हातात छत्री घेऊन. सगळ्या हसल्या. तुला वाटलं मी बाळाला धरायला उठले. तसं नव्हतं गं. नाव पुकारलं म्हणून मी उठले. शाळेत असताना न उठायची सवय लावून घेतली होती, ती त्या दिवशी कुठे गेली कोण जाणे.

मग ती नर्स पहिली, दुसरी असं मोजायला लागली आणि माझं डोकं फिरलं. तुला लाज वाटली असेल, मी किती मोठ्याने ओरडले. नंबर द्यायचा नाही म्हटलं, एकीलाही नाही! ती म्हणाली, मग तुम्हीच पुकारा, मावशी. आणि मी पुकारलं. एकेकीच्या समोर जाऊन, पाच वेळा, पूर्ण नाव. बेकरीवाल्याची तर माझ्याकडे बघून हसली. आयुष्यात एवढ्या वेळा मी ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. घरी येईपर्यंत घसा बसला होता आणि मी इतकी खूश होते की दूध उतू गेलं तरी कळलं नाही.

आणि दुसरं. तू आतल्या खोलीतून तिला हाक मारायचीस आणि मी दुकानातून ओ द्यायचे. पहिल्या दिवशी खरंच चुकून दिली. नंतरचे दोन महिने मुद्दाम. तू दर वेळी हसायचीस, म्हणून मी दर वेळी चुकल्यासारखं करत होते. साठ वर्षांची राहिलेली ओ होती, ती दिली. आता घर चिडीचूप आहे. काल दोनदा उगाचच कान टवकारले.

तक्रार नाही. कामं पुष्कळ आहेत. ती सहा दुपटी पुन्हा पुढच्या फळीवर ठेवली आहेत. कोणी नेवो न नेवो, तिथेच राहतील.

लोभ पोरीमार्फत मिळतोच आहे, तसाच मिळत राहावा.

तुझी,
आत्या

ता. १३ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र सासूबाईंनी दोनदा वाचलं आणि नर्सला तू ओरडलीस तिथे टाळी वाजवली.

इथली तक्रार ऐक. मी तुझ्या नातीला नावाने हाक मारते. ती आधी माझ्याकडे बघते. मग दाराकडे मान वळवते आणि थांबते. नुसती थांबते, भुवया वर करून. दोन दिवस मला कळेना. तुझ्या जावयाने डोळे तपासले, कान तपासून आणले, सगळं ठणठणीत. मग काल सासूबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. तिला वाटतं, हाक मारली की पलीकडच्या खोलीतून ओ येते. तसंच ऐकत वाढली ना दोन महिने! सासूबाईंनी दाराआड उभं राहून ओ देऊन बघितली. कार्टीने ओठ काढले आणि भोकाड पसरलं. तिला आवाज माहीत आहे.

म्हणून आम्ही तिघांनी ठरवलंय. आमच्या इमारतीखालचं शिंप्याचं दुकान रिकामं झालंय. समोर शाळा, मागे प्रसूतिगृह. तुझ्या तिन्ही फळ्या मावतील, मी दोरीने मापून आले. सासूबाईंनी त्यांच्या शेजारची खोली रिकामी केलीय आणि कपाटाचा अर्धा भागही, म्हणजे काय ते समज. तिसरा मजला आहे, पण जावई म्हणतो, आत्यांना मी उचलून आणीन. बाबांना विचारलं. ते म्हणाले, तिला जायला सांग. आणि आत्या, चौथी म्हणाले नाहीत. नाव घेतलं. जरा अडखळले, पण घेतलं.

तू नाही म्हणणार, मला माहीत आहे. फळ्या, गिऱ्हाईकं, शिंपीण, सगळं पुढे करशील. कर. पण त्याआधी एक सांगते. हे पत्र मी मुद्दाम रजिस्टर टपालाने पाठवतेय, वर आत्या-बित्या काही न लिहिता, फक्त तुझं पूर्ण नाव. टपालवाल्याला सही लागते, त्यामुळे त्याला दारात उभं राहून ते मोठ्याने पुकारावंच लागेल. आणि या वेळी अशी कोणी इथे राहत नाही म्हणून सांगायला मी तिथे नाही.

तू हे वाचते आहेस, म्हणजे त्याने हाक मारली आणि तू ओ दिलीस. तशीच इकडे येऊन दे. पोर दाराकडे बघत थांबलीय.

लोभ घेऊन ये, मशीन मागाहून आणू.

तुझी,
बटण